तोंडाचं माळवद

सर,

काकूंचा फोन आला तेव्हा मी ओपीडीत होते. तुम्ही गेल्याचं तुमच्या मुलानं, शिवराजनं सकाळीच कळवलं होतं आणि लवकर निघायचं म्हणून मी हातातले पेशंट संपवत होते. काकू रडत नव्हत्या. मागं माणसांचा गलका होता, विभूती कुठं ठेवलीय म्हणून कुणीतरी ओरडत होतं. काकूंनी एवढंच विचारलं, "शाहीन, ती टाळू तोंडातच हाय गं त्यांच्या. राहू द्यायची का काढायची? स्वामी म्हणतेत डाक्टरला विचारा. डाक्टर म्हणजे तूच की."

जेवून उठताना तुम्ही कोसळलात, म्हणजे टाळू तोंडात असणारच होती. नांदेडला आम्ही तुमचा डावा वरचा जबडा आणि अर्धी टाळू काढली, त्या जागी बसवलेली ती गुलाबी प्लास्टिकची टाळू. तिच्याशिवाय तुम्हाला घोटभर पाणी पिता येत नव्हतं की एक वाक्य बोलता येत नव्हतं. ती मातीत तुमच्याबरोबर जावी की नाही, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. अब्बा गेले तेव्हा गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, देण्याआधी आम्ही त्यांची कवळी काढून ठेवली होती. पण कवळी निराळी आणि तुमची टाळू निराळी.

हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचत नाही हे मला माहीत आहे. तुम्ही जीवशास्त्राचे शिक्षक आणि मी डॉक्टर, आपल्यात खोटं चालायचं नाही. पण तुमच्याशी बोलायची सवय एका आठवड्यात जात नाही, म्हणून लिहितेय.

आपली पहिली भेट अब्बांच्या पेटीमुळं झाली, आठवतं? अब्बा बिलोलीत पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मला चांगले मार्क पडले तेव्हा शाळेतले मास्तर म्हणाले, लातूरला टाका. त्या काळात जो तो लातूरचंच नाव घ्यायचा. अब्बांनी आधी पेटी बनवली आणि मग विचार करायला सुरुवात केली. पेटी एसटीच्या टपावर टाकून आम्ही लातूरला पोचलो. क्लासच्या अंगणातली ती गर्दी, गाड्यांतून उतरणारी मुलं, त्यांचे इस्त्रीच्या कपड्यांतले वडील बघून अब्बा मला हळूच म्हणाले, "बेटा, वापस जाऊ."

तेवढ्यात तुम्ही कुठूनसे आलात आणि पेटीवर बोटानं टकटक केलीत.

"कुणी बनवली?"

"म्याच," अब्बा असं म्हणाले की जणू चोरी पकडली गेलीय.

"पत्रा जाड हाय. सांधा बी पक्का हाय. एवढी पेटी घेऊन आलाव अन् वापस निघालाव व्हय?"

"पोरगी एकली राहणार, सर. इथं वळखीचं कुणी न्हाई."

"मी हाव की. घरामागं खोली हाय, आमच्या मंडळीच्या नजरेखाली राहील. नमाज पढती का?"

"हाव."

"पढू द्या. आमच्याकडं बी सकाळी घंटा वाजती. सकाळी उठायची सवय तरी लागंल पोरीला."

अब्बा हसले. मला आजही वाटतं, तुम्ही क्लासबद्दल, निकालाबद्दल, फोटो छापून आलेल्या मुलांबद्दल काही बोलला असतात तर अब्बा परत फिरले असते. तुम्ही पत्र्याबद्दल बोललात.

पत्र्यातलं तुम्हाला इतकं का कळतं ते काकूंकडून कळलं. तुमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपानंतर तुम्ही कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडमध्ये राहिलात आणि तसल्याच शेडमध्ये शाळा भरवलीत. लातूरला आल्यावर घर बांधलंत, तेही चांगलं स्लॅबचं. पण झोपायला जायचात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. मे महिन्यातसुद्धा. काकू धपाटे थापता थापता मला सांगायच्या, "सिमिटाचं घर बांधलं अन् स्वतः झोपतेत भट्टीत. ह्या माणसाला काय म्हणावं?" तुम्ही जिन्यातून ओरडायचात, "आमच्याकडच्या माणसाला पत्र्याखालीच झोप लागती. पडला तर टेंगूळ येतंय, बाकी काय न्हाई." त्या वर्षांत भूकंपाबद्दल याहून जास्त तुम्ही कधी बोलला नाहीत.

आणि ती भाकर. बुरशीचा धडा होता. पुस्तकात ओल्या पावावर रायझोपस वाढवा असं लिहिलेलं. तुम्ही म्हणालात, पाव कशाला, भाकर आणा. ज्वारीच्या भाकरीचे दोन चतकोर घेतलेत, एकावर पाणी शिंपडलंत, एक तसाच ठेवलात आणि दोन्ही एका पातेल्याखाली झाकलेत. काही दिवसांनी पातेलं उचललं तर ओल्या चतकोरावर पांढरा कापूस आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके. कोरडा चतकोर नुसता कडक झालेला. तो ओला तुकडा तुम्ही बाकाबाकावरून फिरवलात आणि मुली ओढणी नाकाला लावून बघत होत्या.

"बीजाणू कुठून आले?"

"हवेतून, सर!"

"दोन्हीवर पडले का एकीवर?"

"दोन्हीवर!"

"मग उगवले एकीवरच. का? हवेत बीजाणू राहणारच, त्यांना शिव्या देऊन भागत न्हाई. भाकर वली कुणी केली ते बघायचं."

हे वाक्य वीस वर्षांनी मी तुमच्यावरच उलटवणार होते. त्या दिवशी ते मी फक्त पाठ केलं.

दुसऱ्या लाटेत तुम्हाला कोरोना झाला तो फार अवघड नव्हता. गच्चीवरच्या खोलीत तुम्ही वेगळे राहिलात, कुलर लावून. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या संपल्यावर तुम्ही आपल्या मनानं आणखी आणून खाल्ल्यात, कारण बरं वाटत होतं. साखरेचा आजार जुना, पण त्या दिवसांत साखर तपासायला बाहेर कोण जाणार? ताप गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, घरात पुरण झालं. मग डावा गाल बधिर पडला. तुम्हाला वाटलं, कुलरचं वारं लागलं. मग दात हलायला लागला. तुम्हाला वाटलं, वय झालं. डोळ्याखाली सूज आली आणि नाकातून काळपट पाणी आलं, तेव्हा शिवराजनं मला फोन केला. मी म्हणाले, "आत्ता गाडीत बसवा."

तुमच्या टाळूवर टॉर्च मारला तर डावीकडं रुपयाएवढा काळा डाग. त्या महिन्यात असे डाग आम्ही रोज बघत होतो. नाकात दुर्बीण घालून तुकडा घेतला, काचेवर ठेवून तपासला आणि लगेच इंजेक्शन सुरू केलं. पिवळं औषध, सलाईनमधून हळूहळू जाणारं. ते मिळवायला सगळ्या मराठवाड्यातले नातेवाईक वणवण करत होते. ते चढायला लागलं की तुम्हाला हुडहुडी भरायची आणि दात वाजायचे. आम्ही साखर इन्शुलिननं खाली आणत होतो आणि किडनीवर डोळा ठेवून होतो. तुमच्या खाटेच्या दोन्ही बाजूंना तसलेच पेशंट होते, एका डोळ्यावर पट्टी बांधलेले.

मी मोबाईलवर तुम्हाला त्या काचेचा फोटो दाखवला. चष्मा वर सरकवून तुम्ही बराच वेळ बघितलात. रुंद धागे, मधे पडदे नाहीत, काटकोनात फुटलेल्या फांद्या.

"हे तर आपल्या भाकरीवरचंच घराणं हाय की गं."

"हाव, सर."

"इतकी वर्षं ह्याच्यावर मी मार्क दिले. आता हे माझे मार्क काढायलंय."

ऑपरेशन करायलाच हवं, हे तुम्हाला मी सांगायचं असं ठरलं. आम्ही तिघं डॉक्टर मिळून करणार होतो, पण तुमचं ऐकणं-न ऐकणं माझ्यावर होतं. सकाळची वेळ होती, काकू खाटेशी स्टुलावर बसल्या होत्या.

"किती काढावं लागंल?"

"डावा वरचा जबडा. डावीकडची टाळू, दात. डोळा वाचवायचा प्रयत्न करू."

"अन् बोलणं?"

"आधी नीट येणार नाही. सगळा आवाज नाकातून जाईल. मग कवळीसारखी टाळू बनवून बसवतात."

"वर्गात चालंल का तसलं? पाठीमागच्या बाकापर्यंत पोचंल?"

"माहीत नाही, सर."

तुम्ही हसलात. सुजलेल्या गालानं हसू एकाच बाजूला आलं. "पास झालीस. माहीत न्हाई म्हणता येतंय तुला. पण मग मी बी एक सांगतो. इंजेक्शनं चालू हायत. आठ दिवस बघू. डाग पसरला तर काढू."

मी सांगितलं, ही बुरशी रक्तवाहिनीत शिरते आणि ती बंद करते. रक्त जात नाही म्हणून तो भाग मरतो, काळा पडतो. औषधही रक्तातूनच जातं, म्हणून मेलेल्या भागात औषध पोचत नाही. तो भाग काढला तरच मागच्या भागाला औषधाचा उपयोग होईल. आठ दिवसांत डाग डोळ्यात जाईल, नाहीतर मेंदूत. हे सगळं मी तुमच्यासारखं, पायरीपायरीनं सांगितलं. तुम्ही मान हलवत राहिलात आणि शेवटी पुन्हा म्हणालात, "आठ दिवस." पोटापाण्याची काळजी नव्हती तुम्हाला. खडू हातात घेऊन उभं राहिल्यावर तोंडातून आवाजच निघणार नसेल, तर उरलेल्या दिवसांत करायचं काय, हे तुम्हाला कळत नव्हतं.

तेव्हा काकू बोलल्या. तुमच्याकडं न बघता, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "अण्णा बी हेच म्हणले होते."



मी विचारलं, "काय म्हणाले होते?"

"दिवाळीनंतर माळवद उतरवू."

मग तुम्ही मला ते सांगितलंत. भूकंपाच्या आदल्या वर्षी धक्के बसायला लागले, भिंतींना चिरा गेल्या. सगळं गाव बाहेर झोपायला लागलं, मग काही झालं नाही म्हणून परत घरात झोपायला लागलं. तुमचं घर दगड-मातीचं आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर घातलेला हातभर मातीचा थर, दर वर्षी नवी माती पडून जड झालेला. तुमच्या वडिलांना, अण्णांना, कळत होतं की ते उतरवून पत्रे टाकायला हवेत. पण पावसाळ्यात कसं उतरवायचं? घरात गणपती बसायचा होता. काढणी तोंडावर होती. दिवाळीनंतर, असं ठरलं. गणपती बोळवले त्याच रात्री ते माळवद अण्णांवर, आईवर आणि तुमच्या धाकट्या बहिणीवर बसलं. तुम्ही दोघं काकूंच्या माहेरी होता म्हणून उरलात. मातीखालून त्यांना काढणाऱ्यांत तुम्हीही होता.

हे सांगताना तुमचा आवाज कसा होता ते लिहायला मला जमणार नाही. साधा होता. हजेरी घेताना असायचा तसा. सांगून झाल्यावर तुम्ही जिभेनं टाळू चाचपलीत. मी बघितलं.

"आण तो कागद," तुम्ही म्हणालात. सही करताना काकूंना म्हणालात, "तोंडाचं माळवद उतरवायलेत. पत्रा टाकते म्हणायलीय शाहीन."

काकू म्हणाल्या, "जाड टाकायला सांगा. तिच्या बापाला कळत होतं त्यातलं."

ऑपरेशनमध्ये तुमची टाळू निघाली तेव्हा ती ठेवायची थाळी माझ्या हातात होती. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. तो तुकडा फार हलका होता, कोरड्या भाकरीसारखा. डोळा वाचला. पापणी जराशी खाली राहिली, एवढंच.

नंतरचे दिवस ऑपरेशनपेक्षा कठीण गेले. चहा प्यायलात की नाकातून यायचा. तुम्ही पाटीवर लिहून मला दाखवलंत, 'साखर कळत नाही.' मी म्हणाले, "साखर बंदच आहे तुमची." तुम्ही पाटी पुसली आणि लिहिलंत, 'खडूस.' जखम भरत आल्यावर दंत विभागातल्या मॅडमनी माप घेऊन टाळू बनवली. ती बसवल्यावर तुम्ही पहिला शब्द काय बोललात? "पत्रा." प स्पष्ट आला. तुमच्या तोंडाला प आला म्हणून काकूंनी वॉर्डात पेढे वाटले. तुमच्या हातावर एकही टेकवला नाही.

पण वर्गात तुम्ही गेला नाहीत. गोळ्या महिनोन् महिने चालू राहिल्या, त्या घेतल्यात. साखर आटोक्यात ठेवलीत. बाहेर मात्र बोलणं बंद. काकू फोनवर सांगायच्या, "दुकानात जातेत तर बोटानं दाखवून सामान घेतेत." मी प्रत्येक तपासणीला विचारायची, वर्ग कधी? तुम्ही म्हणायचात, पोरं आता मोबाईलवरच शिकतेत. आवाज घोगरा, थोडा नाकातला, पण समजेल असा होता. हे मला दिसत होतं आणि तुम्हाला पटत नव्हतं.

मग एक दिवस तुमचा फोन आला. "गुरुवारी ये. अन् येताना बिलोलीची भाकर आण. लातूरची भाकर पातळ झाली आता."

रिपीटरची बॅच होती. डॉक्टर व्हायची परीक्षा एकदा देऊन कमी पडलेली, वर्षभर घरच्यांची बोलणी खात पुन्हा बसलेली मुलं. मी शेवटच्या बाकावर बसले. तुम्ही बोलायला लागलात आणि मागून एक मुलगा म्हणाला, "सर, आवाज नीट येईना." त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती, पण पुढं दोघं-तिघं हसले. तुम्ही थांबलात. खिशातून रुमाल काढलात, तोंडातली टाळू काढून रुमालावर ठेवलीत आणि तेच वाक्य पुन्हा बोललात. एक अक्षर कळलं नाही. मग टाळू परत बसवलीत.

"आता नीट आला का आवाज?"

रुमालाची घडी घालून तुम्ही खिशात ठेवलीत.

"खरी टाळू काढायला सांगितली तवा मी आठ दिवस मागितले होते. आठ दिवस दिले असते तर आज फळ्यावर माझा फोटू असता, हार घातलेला. टाळू गेली. तोंडात पत्रा घालून परत बसलोय. म्हणजे मी बी रिपीटरच हाव. काढा वह्या. बुरशी."

मुलं इतकी हसली की बाजूच्या वर्गातले सर बघायला आले. बाहेर आल्यावर मी तुम्हाला रागावले, हात न धुता टाळूला हात लावलात म्हणून. तुम्ही म्हणालात, "डाक्टरीणबाई, वर्गात नळ कुठला?"

त्यानंतर तुम्ही शिकवणं सोडलं नाही. आपलं भांडण तेवढं राहिलं. तुमचं म्हणणं, बुरशी कुलरच्या ओल्या गवतातून आली. माझं म्हणणं, ती सगळ्यांच्याच नाकात जाते, साखर आणि जास्तीच्या गोळ्यांनी तुम्हाला गाठलं. मी तुम्हाला दोन चतकोरांची आठवण करून दिली, तेव्हा तुम्ही किती चिडलात. "म्हणजे मी वली भाकर?" "हाव, सर." दुसऱ्या आठवड्यात तुम्ही शिवराजबरोबर कुलरचं गवत पिशवीत घालून पाठवलंत. तपासलं तर त्यात बुरशी निघाली. तुम्ही म्हणालात, बघ. मी म्हणाले, लातुरातल्या कुठल्याही कुलरमध्ये निघेल. तुम्ही म्हणालात, मग सगळे कुलर आण. परवा शिवराजनं गच्चीवरची खोली उघडली, तर कुलर तिथंच होता, गवत काढून, कोरडा करून ठेवलेला. म्हणजे गवताचं आपलं म्हणणं तुम्ही सोडलं नव्हतं आणि ओल नको हे माझं ऐकलंही होतं.

दुसरं भांडण रात्रीचं. टाळू झोपताना काढून पाण्याच्या वाटीत ठेवायची, नाहीतर तिच्यावरच बुरशी धरेल, हे मी किती वेळा सांगितलं. तुम्ही ती घालूनच झोपायचात. काकू तक्रार करायच्या आणि तुम्ही मागून ओरडायचात, "रातच्याला पत्रा काढून झोपू व्हय?"

म्हणून सर, काकूंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात आधी 'काढा' आलं होतं. इतकी वर्षं तेच सांगत आले होते. मी म्हणाले, "काकू, राहू द्या."

काकूंनी फोन न ठेवताच तिकडं सांगितलं, "डाक्टर म्हणायलेत राहू द्या." आणि मला म्हणाल्या, "ये लवकर."

मी पोचले तेव्हा तुम्हाला शेताकडं नेलं होतं, मी तशीच तिकडं गेले. तुम्हा लिंगायतांकडं बसवून माती देतात. कपाळभर विभूती होती, तोंड मिटलेलं, दोन्ही गाल सारखे. कुणाला वाटलं नसतं की डावीकडं आत हाड नाही. शिवराजनं मला पुढं बोलावलं. आमच्यात बायका मातीला जात नाहीत. पण कुणी काही बोललं नाही आणि मीही मागं सरले नाही. मूठ भरली. तुमच्याच रानातली माती, माळवदावर घालायचे तीच.

मी ती टाकली. मग बाकीच्यांनी टाकली. वरून माती पडत राहिली, सर, पण आत पत्रा होता.